आमची वाटचाल : बारावी आणि जर्मन विद्यापीठ यांच्या मधलं वर्ष

आम्ही पुण्यात मुलांना जर्मन विद्यापीठांसाठी तयार करतो. आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न फीचा नसतो. “बारावी झाली की जर्मनीत थेट इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन मिळते ना?” असा असतो. उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि आमचा सगळा व्यवसाय त्या एका ‘नाही’वर उभा आहे.

आपली बारावी, मग ती महाराष्ट्र बोर्डाची असो की सीबीएसईची, जर्मनी तिथल्या ‘आबिटूर’ या शालान्त परीक्षेच्या तोडीची धरत नाही. त्यामुळे वाटा उरतात तीन. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असलेल्याला तांत्रिक आणि विज्ञान शाखांचं दार थेट उघडतं. इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष पार पाडलं, तर त्याच धाटणीच्या अभ्यासक्रमाला तिथे अर्ज करता येतो. यातलं काहीच नसेल तर श्टुडिएनकोलेग. परदेशातून आलेल्या मुलांना पदवीसाठी तयार करणारं, दोन सेमिस्टरचं हे कॉलेज. डॉक्टरकी, अर्थशास्त्र वगैरेंचे वर्ग वेगळे. इंजिनीअरिंग आणि विज्ञानवाल्यांसाठी ‘टे-कुर्स’. त्यात जर्मन, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायन किंवा इन्फॉर्मॅटिक, म्हणजे संगणकशास्त्र. शेवटी जी परीक्षा होते तिला मुलं एफएसपी म्हणतात (पूर्ण नाव फेस्टश्टेलुंग्सप्रूफुंग, ते नीट म्हणता आलं की भाषेच्या ए-वन ते सी-टू या पातळ्यांतली बी-वन झाली असं आमच्याकडे चेष्टेत म्हणतात). ती नापास झालात तर आणखी एकच संधी. आणि या कॉलेजात शिरायलासुद्धा आधी प्रवेश परीक्षा असते, जर्मनची आणि गणिताची.

हे सगळं आज मी घडाघडा सांगते. २०१२ साली सदाशिव पेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन जर्मनचे वर्ग सुरू केले तेव्हा यातलं फारसं काही डोक्यात नव्हतं. पुण्यात जर्मन शिकवणं म्हणजे काही जगावेगळं धाडस नव्हे. रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे, औंधात तर चक्क ब्रेमेन चौक आहे. पिंपरी आणि चाकणच्या जर्मन कंपन्यांमुळे भाषेला गिऱ्हाईक कायमचं. आमच्या पहिल्या तुकड्यांमध्ये ऑनसाइट जाणारे आयटीवाले असायचे, क्वालिटी डिपार्टमेंटचे इंजिनीअर असायचे, आणि नवऱ्यामागे जाण्यासाठी व्हिसाला ए-वन लागतं म्हणून आलेल्या नव्या नवऱ्या. संध्याकाळी सहा ते नऊ वर्ग, शनिवार-रविवार सकाळी. भाडं सुटायचं, वर थोडं उरायचं. तेवढंच.

मग चाकणच्या एका कंपनीतले सुपरवायझर त्यांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा बारावीला, सायन्सला. त्याला तिकडे मेकॅनिकल करायचं होतं, आणि वडिलांच्या हातात एका विद्यापीठाच्या माहितीची छापील पानं होती. म्हणाले, “मॅडम, तुम्ही फक्त भाषेचं बघा. गणिताची काळजी नाही, पोरगं हुशार आहे.” हुशार होतंच. जर्मनही त्याने पटापट उचललं. पण एका कॉलेजने सरावासाठी दिलेला प्रवेश परीक्षेचा पेपर मी त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा तो अडला तो भाषेत नव्हे, गणितात. मला त्यातलं काही कळेना. मी भाषेची माणूस. तो पेपर घेऊन मी घरी गेले आणि थोरल्या नणंदबाईंपुढे टाकला. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स आणि गणित शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

ताईंनी पेपर वाचला, मुलाची वही वाचली आणि म्हणाल्या, “याला गणित येतं, पण लिहिता येत नाही.”

हे वाक्य म्हणजे आमच्या संस्थेची खरी सुरुवात, असं मी समजते. त्यांचं म्हणणं काय होतं ते नीट सांगते, कारण अजूनही पालकांना ते समजावताना आमचा अर्धा तास जातो. जर्मन शाळेत ‘कुर्वेनडिस्कुसिओन’ नावाचा एक प्रकार असतो. एक फलन देतात आणि त्याच्या आलेखाची पूर्ण चौकशी करायला सांगतात. समजा, क्षचा घन वजा तीन क्षवर्ग. आलेख आडव्या अक्षाला कुठे मिळतो, कुठे उंचवटा, कुठे खळगा, वळण कुठे बदलतं, दोन्ही टोकांना काय होतं आणि शेवटी हाताने आकृती. आमच्या मुलाने तीन ओळींत लिहिलं : ० आणि ३, उंचवटा (०, ०), खळगा (२, −४). सगळं बरोबर! ताईंनी बारापैकी चार गुण दिले.

“पण आन्सर करेक्ट आहे ना, ताई?”

“आहे. पण शून्यापाशी आलेख अक्षाला छेदून जातो की नुसता टेकून परत फिरतो, हे कुठे लिहिलंस? दोनपाशी खळगाच आहे, उंचवटा नाही, हे कशावरून? दुसरं विकलज कुठंय? एकपाशी वळण बदलतं, ते तर तू पाहिलंच नाहीस.”

“सीईटीत हे विचारत नाहीत.”

“तिकडे हेच विचारतात.”

बारावी, सीईटी आणि जेईईच्या क्लासमध्ये पोरांचा हात चार पर्यायांतून एक उचलायला तयार होतो. चुकीचे तीन खोडून काढायचं कसब त्यांच्यात जबरदस्त असतं. मी ते कमी लेखत नाही. पण एफएसपीच्या आणि पुढे विद्यापीठाच्या पेपरात पर्याय नसतात. ‘कारण द्या’, ‘सिद्ध करा’, ‘प्रयोगाचं वर्णन करा’ अशा आज्ञा असतात, आणि गुण वाटेला असतात, मुक्कामाला कमी. एका बाबतीत मात्र आपली मुलं वरचढ ठरतात. तिकडच्या प्रवेश परीक्षेत बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलेटर चालत नाही. आपल्याकडे बोर्डालाही चालत नाही, त्यामुळे अपूर्णांक, वर्गमूळ आणि लॉग हाताने करायची सवय जुनी. लॉग टेबलला शिव्या घालणारी पोरं तिथून फोन करून त्याचे आभार मानतात.

ताईंनी आठवड्यातून तीन दिवस दुपारचा वर्ग घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला मराठीतून, मग हळूहळू जर्मनमधून. त्यांना स्वतःला जर्मन येत नव्हतं. त्या मुलांच्या शेजारी बाकावर बसून माझ्याकडे ए-वन शिकल्या, मग ए-टू, आणि पुढच्या तासाला त्याच मुलांना विकलन शिकवायच्या. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, भागाकाराला दोन टिंबं, साताच्या पोटात आडवी रेघ, एकाच्या डोक्यावर लांब शेपूट. असल्या बारीकसारीक गोष्टींची त्यांनी एक वही केली आहे. दिसायला क्षुल्लक, पण घाईत ३,१४ ला तीनशे चौदा वाचणारा मुलगा आम्ही पाहिला आहे.

जर्मनच्या परीक्षेतही असाच एक खास प्रकार असतो, सी-टेस्ट. एक उतारा देतात आणि त्यातल्या दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग उडवलेला असतो. तो भरायचा, तोही मिनिटांच्या हिशोबात. व्याकरण पाठ असलं तरी इथे भागत नाही, वाचन लागतं. पहिल्या तासाला आम्ही मराठी पेपरातली एक बातमी अशीच अर्धी खोडून मुलांना देतो. इंग्लिश मीडियमची पोरं मातृभाषेत नापास होतात आणि वर्गात हशा पिकतो. मग जर्मन पेपर वाचायला ती आपणहून तयार होतात.

भाषा आणि गणित जमलं तरी मेकॅनिकलवाल्यांचं एक काम उरतं. तिथली बरीच विद्यापीठं यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश देण्याआधी किंवा पहिल्या काही सेमिस्टरमध्ये काही आठवड्यांचं ‘फोरप्राक्टिकुम’ मागतात, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष हाताने केलेलं काम. इथे केलेलं चालेल का, हे त्या त्या विद्यापीठाला ई-मेल करून आधी विचारून घ्यावं लागतं. लेखी उत्तर आलं की आम्ही पोराला भोसरीला पाठवतो. माझ्या मावसभावाचं तिथे छोटं वर्कशॉप आहे, चार लेथ आणि एक मिलिंग. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, अठरा वर्षांत पाना हातात न धरलेला मुलगा पहिल्या दिवशी व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा पकडून कानस चालवतो. दुपारपर्यंत तळव्याला फोड. फिटर काका ठोकळ्याला गुण्या लावतात, उजेडाकडे धरतात, फटीतून उजेड दिसला की काही न बोलता परत देतात. पोरगं पुन्हा घासतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उजेड दिसायचा थांबतो, आणि त्या संध्याकाळी घरी तो ठोकळा जेवणाच्या टेबलावर येतो, असं एका आईने सांगितलं. काही मुलं आठवड्याभरात कळवतात, “मॅडम, मला मेकॅनिकल नको, इन्फॉर्मॅटिक बघू.” हेही बरंच. पुण्यात कळलं, बसच्या तिकिटात. म्युनिकमध्ये कळायला वडिलांचे लाखो गेले असते.

पैशांचं बोलायला हवं, कारण ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धवट वाक्य ऐकूनच बहुतेक लोक येतात. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, सेमिस्टरचं अंशदान भरायचं, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी सेमिस्टरला दोन ते तीन हजार युरो लावले. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. आम्ही सुरू केलं तेव्हा त्यात वर्षाचे आठ हजार युरोंच्या आसपास ठेवावे लागत. २०२३ मध्ये ते ११,२०८ झाले आणि सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४. म्हणजे महिन्याला ९९२. रुपयांत अकरा-बारा लाख, विमान तिकिटाच्या आधी. ते पैसे मुलाचेच असतात, दरमहा त्यालाच मिळतात. पण एकदम उभे करायचे असतात. कर्ज काढून यायचं असेल तर आम्ही बापाला आणि मुलाला समोरासमोर बसवून कागदावर हिशोब मांडतो. काही जण तिथेच थांबतात. आमचं गिऱ्हाईक जातं, पण झोप लागते.

या क्षेत्रात कमिशनचा व्यवहार कसा चालतो, तेही सांगायला हरकत नाही. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटांना पैसे देत नाहीत. काही खासगी संस्था देतात, आणि ते आकडे मोठे असतात. एका मुलामागे जे मिळतं, तेवढं आमच्या वर्षाच्या फीमध्येही सुटत नाही. असे प्रस्ताव आमच्याकडेही आले. ताई म्हणाल्या, “ज्याचे पैसे घ्यायचे, त्याचीच बाजू घ्यायची.” आम्ही पालकांचे पैसे घेतो, म्हणून बाजू त्यांची. कमिशन घेऊनही सचोटीने सल्ला देणारे लोक असतील. मला ते जमलं नसतं, एवढं खरं.

गुणांच्या रूपांतरावरून आमच्या ऑफिसात जितकी करमणूक झाली, तितकी कशावरून झाली नसेल. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपल्या टक्क्यांचं रूपांतर करायला तिथे एक सूत्र वापरतात : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान यांच्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. महाराष्ट्र बोर्डाला पस्तीसला पास धरलं, तर ८५ टक्क्यांचे होतात १.७. एक आजोबा नातवाचा कागद बघून खिन्न झाले होते. “एवढी रात्ररात्र जागून पोराला पावणेदोन?” नातवाने समजावलं, तेव्हा म्हणाले, “मग आमच्या वेळी मी तुमच्या हिशोबाने चार होतो. चांगलं वाटतंय ऐकायला.”

२०२० साली मार्चमध्ये वर्ग बंद झाले. भाड्याच्या दोनाच्या तीन खोल्या केल्या होत्या, त्यातली एक सोडली. तिकडच्या प्रवेशाचं पत्र हातात असलेली काही मुलं पुण्यातच अडकली आणि त्यांचं श्टुडिएनकोलेग पडद्यावर सुरू झालं. जर्मनीत सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात इथे साडेअकरा, ऑक्टोबर सरला की साडेबारा. घरात जेवणाची वेळ तीच. एका मुलाच्या आईने वरण-भाताचं ताट लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि ते कॅमेऱ्यात आलं, तेव्हा तिकडच्या प्राध्यापकाने गतिज ऊर्जा बाजूला ठेवून पाच मिनिटं वरणाची चौकशी केली. त्या वर्षाचा आम्हाला अनपेक्षित फायदा झाला : मुलांच्या परवानगीने ताईंनी त्यांच्या गृहपाठाचे तपासलेले कागद पाहिले, तिकडचा शिक्षक कुठे गुण कापतो, ते त्यांना नेमकं कळलं.

पुढचं वळण नोव्हेंबर २०२२ चं. १ तारखेपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जाआधी एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक झालं. दिल्लीतल्या केंद्राकडून आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून घ्यायची. खोट्या गुणपत्रिकांना आळा बसतो, त्यामुळे माझा या नियमाला पाठिंबाच आहे. पण वेळापत्रक बदललं. बारावीचा निकाल मेमध्ये, हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, मध्ये एपीएस, मग परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत अर्ज (पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०). हे सगळं दीड-दोन महिन्यांत बसवायच्या धावपळीत जर्मन कच्चं राहतं. म्हणून आता आम्ही सरळ सांगतो : बारावीनंतर घाई नको, १५ जानेवारीची उन्हाळी सत्राची मुदत धरा किंवा पुढचा हिवाळा. तोवर बी-टू पक्कं करा, कारण तिकडे बी-वनवर शिरलेला मुलगा भौतिकशास्त्राच्या पहिल्या तासाला पाटीवरचं उतरवत बसतो आणि कानाने काही पकडत नाही.

हल्ली निम्मी मुलं दुसऱ्या वाटेने जातात. इथेच इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचा, पहिलं वर्ष पास व्हायचं, सोबत संध्याकाळी आमच्याकडे जर्मन, आणि मग थेट पदवीला अर्ज. श्टुडिएनकोलेगचं वर्ष वाचतं. कागदावर ही वाट सोपी दिसते. प्रत्यक्षात दिवसा सबमिशन आणि रात्री सी-वन, अशी ओढाताण होते. जर्मनमधून शिकवल्या जाणाऱ्या पदवीला जर्मनच्या परीक्षांपैकी डीएसएच-टू किंवा टेस्टडाफमध्ये चारही भागांत चार असं काहीतरी लागतंच, तिथे सूट नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर एकट्याने राहायची सवय नसलेल्या मुलाला श्टुडिएनकोलेगचं वर्ष जास्त मानवतं. तिथे वर्ग लहान असतात, शिक्षक नावाने ओळखतात, हजेरी घेतात. विद्यापीठात यातलं काहीच नाही. शेकडो मुलांच्या हॉलमध्ये तुम्ही आलात काय, न आलात काय, कोणी विचारत नाही. सेमिस्टरच्या शेवटी एक परीक्षा. त्यात साधारणपणे तीन संधी. तिसऱ्यांदाही गेला, तर नाव कमी होतं, आणि तीच शाखा मग जर्मनीत दुसरीकडेही बहुधा बंद. पहिल्या वर्षाचं उच्च गणित आणि टेक्निकल मेकॅनिक्स यांत जर्मन मुलंही धडाधड गळतात. हे मी पालकसभेत सांगते तेव्हा खोली शांत होते. “मग क्लास लावता येईल का तिकडे?” असं एकांनी विचारलं होतं. क्लास नसतो. म्हणून ताईंच्या वर्गात शेवटचे दोन महिने शिकवणं बंद असतं. मुलांनी आपसांत तीन-तीनचे गट करायचे, प्रश्न स्वतः निवडायचे, फळ्यावर एकमेकांना जर्मनमधून समजावायचे. ताई मागच्या बाकावर स्वेटर विणत बसतात. मुलांना वाटतं त्यांचं लक्ष नाही. लक्ष असतं.

आमची संस्था आजही लहानच आहे. नाशिक आणि कोल्हापूरला शाखा काढा, फ्रँचायझी द्या, असं सांगणारे भेटतात. पण ताई दोन ठिकाणी बसू शकत नाहीत, आणि शिक्षक टिकवणं ही आमची कायमची डोकेदुखी. सी-वन झालेल्या मुलीला आयटी कंपनी जो पगार देते, तो आम्ही कुठून देणार? दोन जणी टिकल्या, त्या वर्गाच्या वेळा त्यांच्या मुलांच्या शाळेप्रमाणे लावल्या म्हणून. जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात सुमारे पन्नास हजार भारतीय विद्यार्थी होते, तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात मोठा गट आपला. त्यामुळे चौकशा वाढतच आहेत. आम्ही तुकडी मात्र वाढवलेली नाही. प्रवेशाच्या आधी ताई प्रत्येक मुलाला एक गणित देतात आणि अर्धा तास एकटं सोडतात. उत्तर आलं की नाही, याला महत्त्व नाही; अर्ध्या तासात मोबाईल किती वेळा काढला, ते त्या बघतात. सीओईपीला चांगली शाखा मिळत असेल तर आम्ही बिनदिक्कत “तिकडे जा” म्हणतो, मास्टर्सला जर्मनीला जाता येईलच.

यंदा रसायनाऐवजी इन्फॉर्मॅटिक घेणाऱ्या मुलांसाठी वेगळा वर्ग काढायचा आहे. शिकवायला प्रोग्रॅमिंग येणारा माणूस पुण्यात वाटेल तिथे मिळेल. प्रोग्रॅमिंग, जर्मन आणि संध्याकाळचा मोकळा वेळ तिन्ही असलेला अजून सापडलेला नाही. कुणाच्या पाहण्यात असल्यास जरूर कळवा. चौकशीसाठी शनिवारी दुपारी चारनंतर या, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणा, आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा. नुसतेच आई-वडील आले तर आम्ही चहा पाजतो आणि पुढच्या शनिवारी बोलावतो.